कारण: मोतीबिंदू

आमच्या कॅम्पच्या भिंतीवर शर्टांचे एकेचाळीस तुकडे ठोकलेले आहेत. त्यांतले चार माझे.

कॅम्प म्हणजे दलदलीच्या काठावरचे एक लाकडी खोपट. आत लाकडाची शेगडी, सहा खाटा, लांब टेबल, बाहेर सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडला की आम्ही सहाजण तिथे राहायला जातो: मी, माझा मेहुणा, त्याची मुलगी आणि जावई, त्याचे दोन चुलतभाऊ. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची, खाली लोंबणारी पट्टी त्याच संध्याकाळी कात्रीने कापायची आणि भिंतीवर ठोकायची, हा रिवाज माझ्या सासऱ्यांच्या वडिलांपासून चालत आला आहे. कापण्याआधी खटला चालतो. आरोपीने कारण सांगायचे, न्यायाधीशाने ते पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून तुकड्याखाली लावायचे. 'शिंक आली.' 'सूर्य डोळ्यात.' 'हातात सँडविच होते.' एका चिठ्ठीवर नुसतेच 'बायको' असे लिहिले आहे. त्याचा अर्थ सांगू शकणारा माणूस आता हयात नाही.

माझ्या चौथ्या तुकड्याखाली लिहिले आहे, 'मोतीबिंदू'.

मला मोतीबिंदू नाही.

चाळीस वर्षे मी गावातल्या शाळेचे ग्रंथालय सांभाळले. कधी वर्गात उभा राहिलो नाही, तरी माझा मेहुणा रूडी मला 'मास्तर' म्हणतो. माझी बायको एल्मा ही त्याची थोरली बहीण. तिला जाऊन सहा वर्षे झाली, पण कॅम्पमधली माझी खाट रूडीने कुणाला दिली नाही. "बहीण गेली म्हणून मेहुणा जात नाही," असे तो म्हणाला होता. तो मोठ्याने बोलतो, मोठ्याने हसतो, आणि त्याच्यासमोर मला माझा स्वतःचा आवाज नेहमी उसना आणल्यासारखा वाटतो.

ही गोष्ट सुरू झाली ती गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, दवाखान्यात. माझा नंबर यायला वेळ होता. समोर अक्षरे दिसली की मी वाचतो, मग ती औषधाच्या बाटलीवरची का असेनात. टेबलावर आरोग्य खात्याची एक पातळ पुस्तिका पडली होती. तिच्यात हरणाच्या मांसाच्या पाकिटाचा एक्स-रे छापला होता. करड्या रंगावर पांढरे ठिपके, कुणी मीठ सांडल्यासारखे. खाली लिहिले होते की शिशाची गोळी हरणाला लागली की फुटते, तिचे शेकडो कण मांसात उडतात, जखमेपासून हातभर लांबही जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. मोठ्या माणसाचे शरीर थोडेफार सोसते. लहान मूल आणि पोटुशी बाई यांच्यासाठी मात्र त्याचे कुठलेच प्रमाण सुरक्षित नाही. तांब्याची गोळी वापरा. ती पाकळ्यांसारखी उमलते, पण जवळपास अखंड राहते.

मी ते दोनदा वाचले. मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून पुस्तिका खिशात घातली. पुस्तिका फुकट होती. तरी चोरी केल्यासारखे वाटले.

आमच्या घराण्यात हंगामाच्या शेवटी सगळ्यांच्या हरणांचे बारीकसारीक मांस एकाच मोठ्या टबात पडते. रूडी ते किमा करायच्या यंत्रातून काढतो, मिरी आणि मसाला घालून सॉसेज बनवतो आणि घरागणिक सारखे वाटतो. ज्याचा नेम चुकला त्यालाही तेवढेच. कुणाचे हरीण, कुणाची गोळी, असे विचारायचे नाही. "एक टब, एक घर," हे रूडीचे वाक्य. म्हणजे मी एकट्याने गोळी बदलून काही होणार नव्हते. एकाची शिशाची गोळी सगळ्यांच्या ताटात जाणार होती.

त्यातले एक ताट लिनियाचे होते. रूडीची मुलगी मार्लिस आणि जावई लाइल यांची ही मुलगी, तेव्हा दोन वर्षांची. रोज सकाळी तिला पॅनकेकबरोबर सॉसेज लागायचे. ते आजोबा बनवतात म्हणून ती सॉसेजलाच 'आबा' म्हणायची. "अजून एक आबा," असे म्हणून ताटली पुढे करायची, आणि रूडी दिवसभर गावात ते सांगत फिरायचा.

मी काय केले ते सांगतो. नव्वद मैल लांबच्या गावात जाऊन तांब्याच्या गोळ्यांच्या काडतुसांचा एक डबा आणला; आमच्या गावातल्या दुकानात घेतला असता तर रूडीला जेवणाआधी कळले असते. तो डबा ज्ञानकोशाच्या खंडांमागे लपवला. आणि माझ्या वाट्याचे सॉसेज खायचे बंद केले. ते तसेच फ्रीझरमध्ये राहू दिले. कुणी विचारले की म्हणायचो, यंदा मसाला छान जमलाय.

बोललो मात्र नाही. पुस्तिका चुकीची असेल, मी कोण डॉक्टर, आधी आणखी वाचू या, असे मनाशी म्हणालो. आणखी वाचणे ही माझी जुनी पळवाट आहे. ऑगस्टपर्यंत मी सात अहवाल वाचले. सातही तेच सांगत होते.

सप्टेंबरात लिनियाचे नेहमीचे रक्त तपासले गेले. शिशाचा आकडा साडेतीनच्या वर गेला की दवाखान्यातून फोन येतो. तिचा नऊ होता. नर्सने पहिला प्रश्न विचारला, घर किती जुने? घर नव्वद वर्षांचे. मग जुना रंगच असणार, ती म्हणाली. जुन्या रंगांत शिसे असते हे खरेच आहे.

रूडीने सगळ्यांना गोळा केले. ऑक्टोबरातले दोन दिवस आम्ही मार्लिसच्या घराच्या खिडक्यांवर पाणी मारून रंग खरवडत होतो. तोंडाला फडके, खाली प्लास्टिक. मी शिडीवर होतो. मार्लिस कॉफी घेऊन आली आणि माझा पाय धरून उभी राहिली.

"काका, खाली या. या वयात शिडीवर चढायचं म्हणजे!"

"त्यात काय."

"त्यात काय म्हणजे? पडलात तर एल्मा आत्या वरून मला शिव्या घालेल."

मी खाली उतरलो, कॉफी प्यायलो आणि पुन्हा चढलो. त्या दोन दिवसांत मी मनापासून प्रार्थना करत होतो, की शिसे त्या रंगातच निघो. लहान मुलीच्या घरात विष निघावे म्हणून मी देवाला विनवत होतो. हे लिहिताना हात थांबतो, पण ते तसेच होते.

खरवडलेले पापुद्रे तपासायला गेले. रंग स्वच्छ निघाला. लाइलच्या वडिलांनी खिडक्या पूर्वीच बदलल्या होत्या, हे नंतर कळले.

मग संशय लाइलवर आला. तो रेडिएटर दुरुस्तीच्या कारखान्यात काम करतो, तिथे शिशाचा डाग द्यावा लागतो. कपड्यांवरून धूळ घरी येत असेल, असे नर्स म्हणाली, आणि तेही अशक्य नव्हते. त्या दिवसापासून लाइल अंगणातल्या छपराखाली कपडे बदलू लागला. थंडी उणे दहापर्यंत गेली होती. आंघोळ होईपर्यंत मुलीला हात लावायचा नाही, असे मार्लिसने ठरवले. लाइल मुळातच कमी बोलतो.

हंगामाच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे खडीच्या खाणीत जमतो आणि आपापल्या रायफलींचे नेम तपासतो. कागदी चक्र, शंभर पावले, तीन गोळ्या. हे केल्याशिवाय कुणी जंगलात जात नाही. ज्ञानकोशामागचा डबा मी पिशवीत नेला होता. पण शेजारच्या बाकावर रूडी होता, आणि तो सगळ्यांच्या डब्यांत डोकावत होता.

"मास्तर, तुझ्या त्याच का? गेल्या शतकातल्या?"

"त्याच," मी म्हणालो, आणि शिशाची जुनी काडतुसे बाहेर काढली. तिन्ही गोळ्या मधोमध लागल्या. रूडीने माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि हंगामाच्या पहिल्या सकाळी, मचाणावर एकटा असताना, मी तांब्याची काडतुसे भरली.

शिकार करणारे कुठलेही पोर सांगेल, की गोळी बदलली तर नेम पुन्हा लावावा लागतो. तांबे हलके, त्याची वाट वेगळी. हे मी स्वतः सातपैकी तीन अहवालांत वाचले होते. शिंगांना आठ टोके असलेला नर दीडशे पावलांवर उन्हात येऊन उभा राहिला. वारा नव्हता. मी गोळी झाडली आणि ती त्याच्या पाठीवरून गेली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि मग शेपटीचा पांढरा झुपका उभारून तो निघून गेला. दुसऱ्या मचाणावरून मार्लिसने सगळे पाहिले होते.

संध्याकाळी खटला चालला. रूडीने सासऱ्यांची कानटोपी उलटी घातली. न्यायाधीशाचा तोच पोशाख.

"आरोपी, उभा राहा."

"उभाच आहे."

"मग बस आणि पुन्हा उभा राहा. कोर्टाचा काही मान आहे की नाही? सरकारी वकील!"

मार्लिस उभी राहिली. "महाराज, दीडशे पावलं. लख्ख ऊन. हरीण इतकं निवांत उभं होतं, की मला वाटलं फोटो काढायला आलंय. आरोपीने गोळी झाडली आणि ढगाला मारली. हरणानं जाताना आभार मानले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मास्तर, पुस्तक वाचत होतास का रे मचाणावर?"

"नाही."

"खरं सांग. पान दुमडून मग घोडा ओढला असशील."

सगळे हसत होते. लाइलही हसला, कितीतरी दिवसांनी त्याला हसताना पाहिले. टेबलावर गेल्या वर्षीच्या सॉसेजची ताटली होती. रूडीने कात्री उचलली आणि म्हणाला, "कारण?"

कारण माझ्या जिभेवर होते. गोळी बदलली. का बदलली, हे पुढचे वाक्य आपोआप आले असते. त्या भिंतीपुढे आजवर कुणी कशासाठीही रागावलेले मी पाहिले नव्हते. मला यापेक्षा सोपी जागा कधी मिळाली नसती.

"डोळे," मी म्हणालो. "मोतीबिंदू असावा."

हसणे थांबले. रूडीने कात्री खाली ठेवली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि गाडी चालवतोस? अरे वेड्या, सांगायचं नाही का? हंगाम संपला की मी नेतो तुला दुलुथला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"काका," मार्लिस म्हणाली, "आम्ही काय परके आहोत?"

रूडीने शर्टाचा अगदी लहान तुकडा कापला. इतका हळू, जणू मी आजारी आहे.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही मार्लिसच्या गॅरेजमध्ये मांस कापायला जमलो. चार हरणे मिळाली होती, चारही शिशाच्या गोळीने. मी, रूडी आणि मार्लिस टेबलाशी. लिनिया कोपऱ्यात खोक्यात बसून चमच्याने खोके बडवत होती. माझ्याकडे पुढच्या खांद्याचे काम होते. जखमेभोवती मी वीतभर, मग आणखी वीतभर मांस कापून टाकाऊच्या बादलीत टाकले.

"मास्तर, हरीण आहे ते, कलिंगड नाही साल काढायला," रूडी म्हणाला. "डोळ्यांचं ठीक आहे, पण हातांना काय झालं?"

त्याने बादलीतून तो मोठा तुकडा उचलला, नळाखाली धुतला, उलटापालटा केला. "बघ. स्वच्छ." आणि टबात टाकला. धुतल्याने ते कण आणखी पसरतात, हे मला माहीत होते. मी सुरीला धार लावू लागलो.

तेवढ्यात लाइल आला. शनिवारी त्याचा अर्धा दिवस असतो. तो दारातच थांबला, हात खिशात. लिनिया खोक्यातून उठून "बाबा!" म्हणत धावली. मार्लिसने तिला मधेच पकडले.

"आधी आंघोळ, मग बाबा. आपलं काय ठरलंय?"

लिनियाने भोकाड पसरले. लाइल तिच्याकडे बघत दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "नळाचं पाणी तपासायला दिलं होतं, त्याचा निकाल आला. पाणीही चांगलं आहे."

"मग राहिलं काय?" मार्लिस म्हणाली.

"मीच राहिलो. सोमवारी राजीनामा देतो."

"बावीस वर्षं झाली तुला तिथं," रूडी म्हणाला. "पण बरोबर आहे तुझं. पोर आधी." आणि त्याने यंत्र सुरू केले.

यंत्राचा आवाज मोठा होता. मी म्हणालो, "रूडी, मांसात आहे."

"काय?"

"मांसात आहे ते."

"ऐकू येत नाही! मोठ्यानं बोल की!"

मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. "शिसं या मांसात आहे!" मी ओरडलो, आणि नेमके त्याच क्षणी रूडीने यंत्र बंद केले. माझा आवाज गॅरेजच्या पत्र्यावर आपटून परत आला. लिनिया रडायची थांबली.

मग मी सांगितले. गोळी, कण, एक्स-रे. वाक्ये एकमेकांत अडकत होती. रूडी हसायच्या तयारीत होता.

"मास्तर, माझा आजा हेच खायचा, बाप हेच खायचा. बाप ब्याण्णव वर्षं जगला."

"तुझा बाप दोन वर्षांचा नव्हता, रूडी. ती दोन वर्षांची आहे, आणि रोज खाते."

"खराब भाग मी काढतो ना!"

"दिसत नाही ते. हातालाही लागत नाही."

लाइलने वाद घातला नाही. तो आत आला, फ्रीझरमधून गेल्या वर्षीचे एक पाकीट काढले आणि मार्लिसला विचारले, "जनावरांच्या डॉक्टरीणबाई किती वाजेपर्यंत असतात?"

"बारा."

त्याची गाडी गेल्याचा आवाज आला. रूडी यंत्राशेजारच्या स्टुलावर बसला. मार्लिसने लिनियाला कडेवर घेतले होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळले की आता ती मांसाबद्दल विचारणार नाही.

"काका, हे तुम्हाला कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

"या एप्रिलमध्ये?"

"हो."

"तिचं रक्त सप्टेंबरात तपासलं."

"हो."

"ऑक्टोबरमध्ये तुम्ही माझ्या खिडक्या खरवडत होतात. मी तुमचा पाय धरून उभी होते."

मी सुरी टेबलावर ठेवली.

"आणि तुमच्या वाट्याचं सॉसेज?"

"फ्रीझरमध्ये आहे. सगळं."

"म्हणजे तुम्ही खाल्लं नाही."

"नाही."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. तिने लिनियाचे डोके आपल्या खांद्यावर दाबून धरले आणि घरात गेली. दार तिने आपटले नाही.

लाइल तासाभराने आला. फोनवर पाकिटाच्या एक्स-रेचे चित्र होते. रूडीने चष्मा लावला, ते मोठे करायला गेला आणि दोनदा फोनच बंद केला. शेवटी लाइलने ते त्याच्यापुढे धरले. काळ्या पट्टीवर पांढरे दाणे. मी पुस्तिकेत पाहिलेल्यापेक्षा जास्त.

रूडीने चष्मा काढला. "ती त्याला आबा म्हणते, मास्तर," तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्याला एल्माच्या अंत्यविधीलाच ऐकले होते. मग त्याने टब उचलला आणि सगळे मांस काळ्या पिशव्यांत भरू लागला. मी मदतीला पुढे झालो.

"राहू दे."

"रूडी, मला वाटलं तू..."

"मी काय? शिव्या दिल्या असत्या? दिल्याच असत्या. एप्रिलमध्ये तुला हाकलून दिलं असतं. पण मे महिन्यापर्यंत ऐकलंही असतं, रे." त्याने पिशवीची गाठ मारली. "आणि डोळे? तेही खोटं?"

"हो."

मग मी त्याला तांब्याच्या काडतुसांच्या डब्याबद्दलही सांगितले.

"मी बुधवारची वेळ घेतली होती तुझ्यासाठी."

लाइल आधी छपराखाली गेला, कपडे बदलले, आंघोळ केली, मग घरात शिरला. खिडकीतून मला तो दिसला. लिनिया त्याच्या मांडीवर होती. मी गाडी सुरू केली आणि घरी आलो. फ्रीझर उघडून सॉसेजची पाकिटे मोजायचे धाडस मला झाले नाही. नुसतीच पिशवीत भरली.

त्या हिवाळ्यात मला कुणी बोलावले नाही. नाताळच्या प्रार्थनेला मी मागच्या बाकावर बसलो. लाइलने राजीनामा दिला नाही, एवढे गावातून कळले. फेब्रुवारीत तो मला पोस्टात भेटला. पत्रे चाळत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सहा."

मला कळायला एक क्षण लागला.

"नऊवरून?"

"हो." आणि तो गेला. जूनमध्ये पुन्हा तिथेच भेटला. "साडेतीनच्या खाली आला." डॉक्टरांचे म्हणणे होते की नेमके किती कुठून आले ते सांगता येणार नाही, मांस बंद झाले आणि आकडा उतरला, एवढे खरे. ज्या माणसाला मी सर्वांत जास्त वेळ दोषी ठरू दिले, तोच मला आकडे सांगत होता. त्याचे आभार कसे मानायचे हे मला अजून सुचलेले नाही.

यंदा ऑक्टोबरात एक निरोप आला. रूडीचा आवाज, फोनच्या निरोप-यंत्रावर ठेवलेला: "रविवारी खाणीत. तुझा डबा आण. तो दुसरा."

मी गेलो. सगळ्यांच्या बाकांवर तांब्याची काडतुसे होती. रूडीचे चक्र भोकांनी भरले होते आणि तो चिडला होता.

"चार बोटं वर जातायत हरामखोर! मास्तर, तुझी कुठं गेली असेल ते आता कळलं मला. बस इथं. सगळ्यांसमोर लाव नेम."

मी बसलो. पहिली गोळी वर गेली, दुसरी वर गेली, मी रायफलीवरच्या दुर्बिणीचे चाक फिरवले. सहाव्या गोळीला चक्राच्या मधला काळा भाग फुटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रूडीने माझ्या पाठीवर थापही मारली नाही. पण तो उठून दुसऱ्या बाकावरही गेला नाही.

हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी मी भिंतीपुढे उभा राहिलो. चौथा तुकडा, निळ्या चौकटीचा, आणि त्याखाली रूडीच्या अक्षरात 'मोतीबिंदू'.

"हे बदलता येईल का?" मी विचारले.

"भिंतीवरचं कधी बदलत नाही," रूडी म्हणाला. थोडा वेळ त्याने शेगडीत लाकडे घातली. मग कानामागची पेन्सिल काढून मला दिली. "खाली जागा आहे."

मी लिहिले: 'खोटे. नवी गोळी, नेम न लावता वापरली.' अक्षर नीट आले. लिहून बाजूला झालो आणि मला थोडे हलके वाटले. हलके वाटले याचीही नंतर लाज वाटली.

मार्लिस बाहेरून लाकडे घेऊन आली होती. गेल्या नोव्हेंबरपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने लाकडे ठेवली, हात पुसले, चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"एवढंच?" ती म्हणाली.

रूडी शेगडीकडे तोंड करून बसला होता. लाइल कॉफी ओतायचा थांबला.

"काका, यात एप्रिल कुठे आहे?"

मी पेन्सिल पुन्हा हातात घेतली. पुठ्ठ्यावर फारशी जागा उरली नव्हती. अक्षर बारीक करावे लागले, आणि डोळे भरून आल्याने ते वाकडे आले. 'एप्रिलपासून माहीत होते. कुणाला सांगितले नाही.'

मार्लिसने ते जवळ जाऊन वाचले. पुठ्ठा सुटत होता, तिने खिळा अंगठ्याने दाबून घट्ट केला.

"आता राहू दे," ती म्हणाली, आणि टेबलावर ताटे मांडायला लागली. मी मोजली. सहा होती. आम्ही सहाच होतो.